सीमारेषेवरील खेड्याचा इतिहास : तेरेखोलचा विचार

प्रस्तावना

सीमाप्रश्न म्हटला की मराठी अभ्यासकाच्या डोळ्यांसमोर बेळगाव, कारवार, निपाणी ही नावे येतात. ते स्वाभाविकही आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेली राज्यपुनर्रचना, १९६६ मध्ये नेमलेला व १९६७ मध्ये अहवाल देणारा महाजन आयोग, आणि २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा या क्रमाने त्या प्रश्नाची मांडणी अनेकदा झाली आहे. मात्र या मांडणीत खेडे हा बहुधा एक आकडा असतो. इतकी गावे इकडे, इतकी तिकडे, इतके टक्के भाषक. रेषेवर वसलेल्या एका विशिष्ट गावाला त्या रेषेची किंमत कोणत्या काळात कशी मोजावी लागली, हे या आकडेवारीतून कळत नाही.

हा प्रश्न केवळ दूरच्या किनाऱ्याचा नाही. १८६९ पूर्वी नाशिक नावाचा स्वतंत्र जिल्हाच नव्हता. चांदवडच्या डोंगररांगेच्या उत्तरेचा मुलूख खानदेशात आणि दक्षिणेचा तत्कालीन अहमदनगरच्या कलेक्टरीत मोडत असे. लासलगावातून उत्तरेकडे दिसणारी ही रांग म्हणजे त्या काळची जिल्ह्याची सीमा होय. ती पुसली गेली आणि आज कोणाच्या स्मरणातही नाही. उलट, याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सुरगाणा तालुक्यातील काही सीमावर्ती गावांनी डिसेंबर २०२२ मध्ये, रस्ते, पाणी व आरोग्यसेवा मिळत नसल्याचे कारण देऊन, आपला समावेश गुजरातेत करावा अशी मागणी केली. म्हणजे काही रेषा सहज विरून जातात आणि काही रेषांच्या काठावरची माणसे शतकानुशतके त्यांचा हिशोब करीत राहतात. असे का होते, हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात गोवा व महाराष्ट्र यांच्या सीमेवरील तेरेखोल या लहानशा गावाचा विचार केला आहे.

स्थान आणि नाव

सह्याद्रीत मनोहरगडाच्या परिसरात उगम पावणारी तेरेखोल नदी बांद्यावरून वाहत पश्चिमेस समुद्राला मिळते. मुखापाशी तिच्या दक्षिण काठावर पेडणे तालुक्यातील केरी हे गाव आहे. उत्तर काठावर समुद्रात घुसलेली एक टेकडी, तिच्यावर एक आटोपशीर किल्ला आणि पायथ्याशी काही शे लोकांची वस्ती, एवढेच तेरेखोल. नदीचा तीर खोल म्हणून ‘तीरखोल’, अशी नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते. पोर्तुगीज कागदपत्रांत ते ‘तिराकोल’ होते.

नकाशा पाहताच या गावाचे वेगळेपण ध्यानात येते. नदीच्या मुखाशी गोव्याची उत्तर सीमा म्हणजे तेरेखोल नदी, असे शालेय पुस्तकाच्या धर्तीवर म्हणता येईल. परंतु गाव मात्र नदीच्या पलीकडे आहे. त्याच्या जमिनीच्या बाजूला सर्वत्र सिंधुदुर्ग जिल्हा पसरला आहे. तेरेखोलच्या रहिवाशाला वाहनाने, जमिनीवरून, आपल्याच तालुक्याच्या ठिकाणी म्हणजे पेडण्याला जायचे असेल तर त्याला महाराष्ट्रात शिरून, आरोंद्याच्या बाजूने पूल ओलांडून पुन्हा गोव्यात यावे लागते. दुसरा मार्ग केरीच्या फेरीबोटीचा.

नद्या आणि डोंगर या ‘नैसर्गिक सीमा’ होत, असा एक समज भूगोलाच्या अध्यापनात अद्याप टिकून आहे. तेरेखोलचे उदाहरण त्याला सरळ छेद देते. नदी येथे होतीच. रेषेने तिला जुमानले नाही.

१७४६ चा नोव्हेंबर

तेरेखोलचा किल्ला मुळात सावंतवाडीकर सावंत-भोसल्यांचा. सतराव्या शतकात खेम सावंतांच्या काळात तो बांधला गेला. नदीतून बांद्यापर्यंत होणाऱ्या वाहतुकीवर नजर ठेवणे आणि आरमाराला आडोसा देणे हे त्याचे प्रयोजन. त्या वेळी नदीचे दोन्ही काठ सावंतांच्याच अमलाखाली होते. साहजिकच तेरेखोल हे सीमेवरचे गाव नव्हते, ते एका संस्थानाच्या मध्यावरचे नाके होते.

१७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रो मिगेल द आल्मेदा याने सावंतांविरुद्ध मोहीम उघडली. त्या वर्षी मे महिन्यात त्याने पेडणे भागातील हळर्णचा कोट घेतला. पुढे त्याला मिळालेली ‘मार्क्विस ऑफ आलोर्ना’ ही पदवी याच हळर्णच्या नावावरून आली. लिस्बनच्या दरबारातील एका थोर घराण्याने कोकणातल्या एका खेड्याचे नाव मिरवावे, हा इतिहासातला गमतीदार योगायोग म्हटला पाहिजे. नोव्हेंबरमध्ये आल्मेदाचे आरमार तेरेखोलच्या मुखात शिरले. सावंतांच्या आरमाराशी लढाई होऊन २३ नोव्हेंबर १७४६ रोजी किल्ला पोर्तुगीजांच्या हाती पडला. त्यापाठोपाठ रेडीही त्यांनी घेतली, पण काही वर्षांतच ती सावंतांकडे परत गेली. तेरेखोल मात्र परत गेले नाही.

येथेच या गावाच्या विलक्षण भवितव्याचा उगम आहे. रेडी परत गेल्याने तेरेखोलची उत्तर बाजू सावंतांची राहिली. दक्षिणेकडील पेडणे प्रांत पोर्तुगीजांकडे कायमचा आला तो १७८८ मध्ये. म्हणजे मधली काही दशके हे गाव शत्रूच्या किंवा संशयित मित्राच्या मुलखात अडकलेले एक लष्करी ठाणे होते. त्याचा मालकाशी संबंध केवळ पाण्यावरून. १७६४ मध्ये पोर्तुगीजांनी किल्ल्याची पुनर्बांधणी केली. आतले चॅपेल, जे पुढे संत अँथनीचे चर्च म्हणून ओळखले गेले, ते आजही किल्ल्याच्या मध्यभागी आहे.

या चर्चला गावाच्या सामाजिक इतिहासात महत्त्व आहे. तिसवाडी, बारदेश व सासष्टी या ‘जुन्या काबिजादीं’त सोळाव्या-सतराव्या शतकांत मोठ्या प्रमाणावर धर्मांतरे झाली. अठराव्या शतकातील ‘नव्या काबिजादीं’त, ज्यांत पेडणे येते, तसे घडले नाही, तो सारा प्रदेश हिंदुबहुल राहिला. तेरेखोल हे नव्या काबिजादींच्याही पलीकडचे टोक असून तेथील ख्रिस्ती वस्ती ठळक आहे. याचे स्पष्टीकरण किल्ल्यात, म्हणजे तेथील शिबंदीत आणि तिच्याभोवती गोळा झालेल्या कुटुंबांत शोधावे लागते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. भाषा मात्र दोन्ही तीरांवर तीच, पेडण्याच्या व मालवणी बोलीच्या अधेमधे झुलणारी. गिरिजाघर व देऊळ यांच्यातील रेषा आणि बोलीची रेषा या दोन येथे एकमेकींवर पडत नाहीत.

एका सालाविषयी

तेरेखोलचे नाव पुन्हा कागदोपत्री येते ते बेर्नार्द पेरिश द सिल्व्ह यांच्या संदर्भात. पोर्तुगालमध्ये १८३४ साली उदारमतवादी पक्षाचा विजय झाला आणि गोव्यात जन्मलेल्या या गृहस्थांची प्रांताच्या सर्वोच्च पदावर नेमणूक झाली. गोमंतकीय माणसाला हे पद मिळण्याची ती पहिलीच वेळ. जानेवारी १८३५ मध्ये त्यांनी सूत्रे घेतली आणि अवघ्या काही दिवसांत लष्करी बंडाने त्यांना पदच्युत केले. त्यांच्या बाजूने उभे राहिलेले सैनिक तेरेखोलला जमले व तेथे त्यांची निर्घृण कत्तल झाली. पर्यटनविषयक पुस्तिकांतून ही घटना ‘१८२५’ची म्हणून वारंवार छापली जाते. १८२५ मध्ये ना उदारमतवादी सत्तेवर होते ना पेरिश द सिल्व्ह अधिकारपदी, तेव्हा ते साल स्वीकारता येत नाही.

ही घटना आणखी एका कारणाने बोलकी आहे. बंडात हरलेला पक्ष तेरेखोललाच का गेला? कारण तेथून एक पाऊल टाकले की पोर्तुगीज हुकूमत संपत होती. पळून जाण्यास सोयीचे ठिकाण हे सीमेवरच्या गावाचे एक जुनेच रूप आहे. अर्थात ते पाऊल टाकण्याआधीच या सैनिकांना गाठले गेले.

मीठ, जकात आणि परवाना

लढायांची साले सहज सापडतात. गावकऱ्याला रेषा रोज जिथे भेटत होती ते ठिकाण म्हणजे जकातीचे नाके.

एकोणिसाव्या शतकात तेरेखोलच्या आसपासची स्थिती अशी होती. १८१२ मध्ये वेंगुर्ले आणि १८१९ च्या तहाने त्याच्या दक्षिणेकडची किनारपट्टी इंग्रजांकडे गेली. त्यामुळे रेडी व शिरोडा ही शेजारची गावे ब्रिटिश मुलखात. नदीने थोडे आत गेल्यावर लागणारे आरोंदा सावंतवाडी संस्थानात. तेरेखोल व केरी पोर्तुगीज. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाआधी तीन सरकारांच्या हद्दीतून जाऊन येऊ शकत असे, आणि वाटेत त्याला नारळ, मीठ, दारू, तंबाखू या प्रत्येक जिनसावर वेगळा नियम लागू होई.

या व्यवस्थेत एकदा मोठा बदल झाला. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यात तह होऊन १८८० पासून १२ वर्षे ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्या दरम्यानची जकात उठविण्यात आली. वरवर पाहता ही रेषा पुसली गेली असे वाटेल. परंतु या तहाच्या बदल्यात गोव्यातील मिठाच्या उत्पादनाचे नियंत्रण ब्रिटिश सरकारने आपल्या हाती घेतले आणि पोर्तुगीज सरकारला दरसाल ४ लाख रुपये भरपाई दिली. हिंदुस्थानात मिठावर जबर कर होता; गोव्याचे स्वस्त मीठ सीमेवरून आत येऊ नये हा त्यामागचा हेतू उघड होता. लहान मिठागरे बंद पडली, मिठाचे भाव चढले. जकात गेली तरी मिठावरचा पहारा वाढला. १८९२ मध्ये तहाची मुदत संपल्यावर तो पुढे चालविण्यात आला नाही व जकातीची नाकी पुन्हा उभी राहिली.

मे १९३० मध्ये शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. महाराष्ट्राच्या स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. तो जेथे झाला ती मिठागरे तेरेखोलच्या किल्ल्यापासून फार दूर नाहीत. पण शिरोडेकर ज्या सरकारचा कायदा मोडत होते ते सरकार तेरेखोलच्या माणसाचे नव्हतेच. तेथील मिठावर कर लावणारा राजा लंडनला नव्हता आणि लिस्बनमध्ये तेव्हा राजाही उरला नव्हता. १९१० मध्ये तेथे प्रजासत्ताक आले होते व १९२६ पासून लष्करी हुकूमशाही होती. एकाच किनाऱ्यावर, एकाच बोलीत बोलणाऱ्या दोन गावांचे राजकीय अनुभव इतके विभक्त होते. ‘कोकणातील स्वातंत्र्यलढा’ असे एकसंध प्रकरण लिहिताना या गोष्टीचा विसर पडतो.

दोन पंधरा ऑगस्ट

१९४७ मध्ये तेरेखोलच्या भोवतालचा सारा मुलूख स्वतंत्र भारतात आला. १९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. आता शेजारी तीन सरकारे नव्हती, एकच होते, आणि रेषा प्रथमच दोन देशांमधली झाली.

१५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींच्या तुकड्या तीन ठिकाणांहून गोव्यात शिरल्या. त्यांपैकी अल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखालील तुकडी तेरेखोलच्या किल्ल्यावर पोहोचली व तिने तेथे तिरंगा फडकविला. तो अल्पकाळच टिकला. सत्याग्रही पकडले गेले. तेरेखोलची निवड का झाली असावी हे नकाशा सांगतो. इतरत्र सीमा ओलांडल्यावर बरेच अंतर चालावे लागले असते. येथे भारताच्या जमिनीवरून थेट किल्ल्याच्या दारापर्यंत येता येत होते आणि पोर्तुगीजांची कुमक मात्र नदी ओलांडूनच येऊ शकत होती. १७४६ मध्ये पाण्यावरच्या सत्तेला जे ठाणे सोयीचे होते, तेच दोनशे वर्षांनी तिला राखण्यास अवघड झाले.

१९५४ मध्ये भारत सरकारने गोमंतकीयांखेरीज इतरांना सीमा ओलांडू दिली नव्हती. पुढील वर्षी देशभरातून सत्याग्रही आले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगीजांनी ठिकठिकाणी गोळीबार केला. तेरेखोल येथे हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर यांना हौतात्म्य आले. त्यांचे स्मारक किल्ल्यात आहे. या घटनांनंतर सीमा कडक बंद झाली, गोव्याची आर्थिक नाकेबंदी सुरू झाली. मुख्य गोव्याला निदान मुरगावचे बंदर होते. तेरेखोलला मात्र रोजचा बाजारच रेडी-शिरोड्याकडे होता, आणि तोच आता परदेश ठरला.

१९६१ नंतरची रेषा

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. आता रेषेला अर्थ उरणार नाही अशी अपेक्षा होती. १६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, हा प्रश्न मतदारांपुढे ठेवण्यात आला. केंद्रशासित प्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ व विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. पेडणे तालुक्याचा कौल विलीनीकरणाकडे होता. निकाल वेगळा लागता तर तेरेखोलची सीमा ही चांदवडच्या रांगेप्रमाणे गॅझेटियरमधली एक टीप झाली असती. तसे झाले नाही. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले आणि १७४६ ची लष्करी रेषा राज्यांमधील सीमा म्हणून पक्की झाली.

तिचा आजचा अर्थ काय? चौकी, पहारा, परवाना यांपैकी काहीही नागरिकाला अडवीत नाही. तरी तेरेखोल आणि रेडी येथील दोन कुटुंबांची तुलना केल्यास रेषा अत्यंत खोल असल्याचे आढळते, आणि ती कायद्यात आहे.

१८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून गोव्यात लागू झाला व मुक्तीनंतरही चालू राहिला. त्यानुसार, वेगळा करार केला नसेल तर, विवाहानंतर पतिपत्नीची मालमत्ता सामायिक होते व दोघांचा निम्मा निम्मा हिस्सा असतो. मुलगा-मुलगी हा भेद न करता अपत्यांचा ठरावीक वाटा राखलेला असतो. मृत्युपत्रानेही तो सहसा डावलता येत नाही. वारसाविषयीच्या तरतुदी पुढे गोव्याच्या २०१२ च्या उत्तराधिकार कायद्यात घेण्यात आल्या. तो २०१६ पासून अमलात आला. रेडीतील हिंदू कुटुंबाला मात्र १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू. त्यात मुलीला वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क मिळण्यास महाराष्ट्रात १९९४ ची आणि देशात २००५ ची दुरुस्ती यावी लागली. पतीच्या हयातीत त्याच्या मिळकतीत निम्मी मालकी तर पत्नीला आजही आपोआप मिळत नाही. रेडीची मुलगी तेरेखोलला दिली किंवा तेरेखोलची रेडीला, तर तिच्या हक्कांचे स्वरूप कसे बदलते, याचा क्षेत्रीय अभ्यास आपल्या विद्यापीठांतून व्हावयास हवा. महाराष्ट्रातील समान नागरी कायद्याची चर्चा बहुधा तात्त्विक पातळीवर चालते. येथे दोन्ही व्यवस्था एका बांधाच्या दोन बाजूंना नांदत आहेत.

जमिनीचा दाखलाही निराळा. पलीकडे सातबारा, येथे नमुना १ व १४. कुळांच्या हक्कांचा पाया पलीकडे १९४८ च्या मुंबई कुळकायद्यात, येथे १९६४ च्या गोव्याच्या कायद्यात व १९७६ च्या दुरुस्तीत. आणि एक तिसरी गोष्ट म्हणजे नागरिकत्व. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज कायद्याने तेथील नागरिकत्व नोंदविता येते. तेरेखोलच्या घरातील आजोबांच्या जन्मदाखल्यावर नातवाला युरोपात नोकरीचा मार्ग मोकळा होऊ शकतो. रेडीच्या त्याच वयाच्या मुलाला तो नाही, कारण त्याचे पूर्वज १७५० च्या दशकात सावंतांकडे परत गेलेल्या मुलखात राहत होते.

जमीन आणि पूल

अलीकडच्या काळात तेरेखोलचे नाव वृत्तपत्रांत येते ते जमिनीमुळे. टेकडीवरील काजूच्या बागायतीवर पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांचा कुळहक्काचा दावा आहे. तीच जमीन एका खासगी कंपनीने गोल्फ मैदान व पंचतारांकित हॉटेल यांसाठी विकत घेतली आणि वाद न्यायालयात गेला. किल्ल्याचेही पर्यटक निवासात रूपांतर झालेले आहेच. मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये उड्डाणे सुरू झाल्यानंतर पेडणे तालुक्यातील जमिनीकडे बाहेरच्या भांडवलाचे लक्ष अधिकच वेधले गेले. जे टोक गैरसोयीचे म्हणून दोन शतके दुर्लक्षित राहिले, त्याचे ते टोकाला असणे हेच आता विक्रीचे मूल्य ठरले आहे.

केरी-तेरेखोल पुलाचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. २०१० नंतरच्या दशकात या पुलाचे काम सुरू करण्यात आले. नदी हे गावाला आपल्याच राज्यापासून तोडणारे अंतर असल्याने पुलाची मागणी स्वाभाविक होती. परंतु हा पूल गावकऱ्यांसाठी की टेकडीवरच्या प्रकल्पासाठी, हा प्रश्न गावातच विचारला गेला. किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांवरून प्रकरण हरित लवादापुढे गेले आणि बांधकाम थांबले.

नदीच्या दोन्ही काठांची मिळून ग्रामपंचायत एकच आहे, केरी-तेरेखोल. तेरेखोलच्या माणसाला जमिनीसंबंधीचा आपला आक्षेप ग्रामसभेत नोंदवायचा असेल तर त्याने आधी नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटीची वेळ पाहावी, नाहीतर महाराष्ट्रातून वळसा घालून यावे.